ड्राइव्ह ‘ट्रिप’ का होतो?

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि व्यवसायाने बँकेतील लिपिक. मग मोटारीच्या ड्राइव्हवर आम्ही काय बोलणार, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास ती रास्तच आहे. परंतु कर्जखात्यांच्या निमित्ताने जिनिंग, दालमिल, तेलमिल, पिठाची गिरणी चालविणाऱ्या मंडळींशी आमचा नेहमी संबंध येतो. हप्ता थकला की कारण विचारणे हे आमचे कामच आहे, आणि अलीकडे त्या कारणांत एक वाक्य वारंवार कानी पडते : “साहेब, ड्राइव्ह उडाला, चार दिवस मशीन बंद होतं.” हा ड्राइव्ह म्हणजे काय आणि तो का उडतो, हे समजून घेण्यासाठी आम्ही मिस्त्री लोकांजवळ बसलो, यंत्रासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका वाचल्या. त्यातून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आपला मोताळा तालुका शेतीचा. कापूस, सोयाबीन, मका ही आपली पिके. पण शिकून कामाला लागलेली आपली मुले मोठ्या संख्येने मलकापूरजवळील दसरखेडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा खामगावला जातात. खामगावचा कापसाशी असलेला संबंध तर फार जुना, तेथील कापसासाठी १८७० साली जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली. अशा ठिकाणी मशीन बंद पडले म्हणजे केवळ मालकाचे नुकसान होते असे नाही. त्या दिवशी रोजंदारीवरील बायामाणसांना हजेरी न मांडता घरी पाठविले जाते. म्हणून मशीन दोन तासांत सुरू होते की चार दिवसांनी, हा आपल्या घरच्या चुलीशी निगडित प्रश्न आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी पाहू. निकोला टेस्ला यांना फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर चालणाऱ्या मोटारीची पेटंटे १८८८ साली मिळाली. आज कारखान्यात दिसणारी साधी इंडक्शन मोटार त्याच तत्त्वावर चालते. ती दणकट असते, स्वस्त असते, तिला देखभाल कमी लागते. तिची अडचण एकच होती, ती म्हणजे तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीशी बांधलेला असतो. १२० ला फ्रिक्वेन्सीने गुणून मोटारीच्या पोलसंख्येने भागले की वेग निघतो. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. त्यामुळे चार पोलच्या मोटारीचे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते आणि प्रत्यक्ष मोटार भारावर साधारण १४४० च्या आसपास फिरते. वेग कमी करायचा तर पुली बदला किंवा गिअर लावा, हाच मार्ग होता.

दुसरी अडचण सुरुवातीची. १० हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण भारावर सुमारे १४ ते १५ ॲम्पियर घेते. पण ती सरळ लाइनवर सुरू केली तर क्षणभर त्याच्या सहापट करंट ओढते. दिवे मंदावतात, पट्टे सटकतात, कपलिंगला हिसका बसतो.

या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, अर्थात व्ही.एफ.डी. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीने १९६८ साली असे ड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास सुरुवात केली. पुढे आय.जी.बी.टी. नावाचा वेगवान अर्धवाहक स्विच आला आणि ड्राइव्ह लहान, स्वस्त व भरवशाचा झाला. या स्विचच्या विकासाचे मोठे श्रेय मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले शास्त्रज्ञ बी. जयंत बालिगा यांच्याकडे जाते. त्यासाठी त्यांना २०२४ साली फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला.

ड्राइव्हच्या पोटात तीन भाग असतात. पहिला भाग लाइनच्या ए.सी. विजेची डी.सी. करतो. दुसऱ्या भागात मोठे कपॅसिटर असतात, ते ही डी.सी. वीज साठवून स्थिर ठेवतात. त्याला डी.सी. बस म्हणतात. तिसरा भाग आय.जी.बी.टी.च्या साहाय्याने त्या डी.सी.पासून पुन्हा हव्या त्या फ्रिक्वेन्सीची ए.सी. तयार करून मोटारीला देतो. फ्रिक्वेन्सी कमी केली की व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केले जाते. ५० हर्ट्झला ४१५ व्होल्ट, तर २५ हर्ट्झला साधारण त्याच्या निम्मे. पंखा किंवा पंप असेल तर याचा फायदा फार मोठा आहे. पंख्याचा वेग ८० टक्के केला, तर त्याला लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. वीजबिलात बचत होते ती येथे.

आता मूळ विषयाकडे वळू. ड्राइव्ह चालता चालता बंद पडतो आणि त्याच्या छोट्या पडद्यावर काही इंग्रजी अक्षरे किंवा आकडा दिसतो. यालाच आपण ‘ट्रिप झाला’ म्हणतो. अशा वेळी सर्वसाधारणपणे दोन गोष्टी घडतात. एक तर ऑपरेटर रिसेटचे बटण दाबतो आणि मशीन पुन्हा चालू करतो, पुन्हा ट्रिप झाला की पुन्हा दाबतो. नाहीतर मालक “ड्राइव्ह खराब झाला” असे ठरवून नवा मागवितो. आमच्या मते हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. ड्राइव्ह ट्रिप होतो तो बहुतेक वेळा स्वतः बिघडला म्हणून होत नाही. कोठेतरी काहीतरी प्रमाणाबाहेर गेले आणि त्याने स्वतःला व मोटारीला वाचविले, एवढाच त्याचा अर्थ असतो. पडद्यावरची अक्षरे ही फिर्यादीची तक्रार आहे. तक्रार करणाऱ्यालाच आरोपी ठरविणे योग्य नव्हे.

आमच्या बँकेच्या कामातील दाखला देतो. दिवसअखेर रोख जुळली नाही, तर आम्ही तिजोरी बदलीत नाही. फरक किती आहे, तो कोणत्या खिडकीवर, कोणत्या वेळेच्या व्हाउचरपासून दिसतो, हे मागे मागे जाऊन पाहतो. ड्राइव्हच्या बाबतीतही हेच करावयाचे असते. आजच्या बहुतेक ड्राइव्हमध्ये मागील काही ट्रिपची नोंद आपोआप राहते. अनेक ड्राइव्हमध्ये त्या क्षणीची फ्रिक्वेन्सी, करंट आणि डी.सी. बसचे व्होल्टेजही मिळते. रिसेट दाबण्यापूर्वी हे आकडे वहीत उतरवून घ्यावेत. त्यासोबत एक प्रश्न स्वतःला विचारावा : ट्रिप केव्हा झाला? वेग घेताना, स्थिर चालताना, की थांबताना? निम्मे उत्तर या एका प्रश्नातच असते.

आता नेहमी आढळणारे ट्रिप एकेक करून पाहू.

पहिला ‘ओव्हरकरंट’. हा वेग घेताना होत असेल तर वेग घेण्याचा कालावधी फार कमी ठेवलेला असू शकतो. जड पंख्याला पाच सेकंदांत पूर्ण वेगाला नेण्याचा आग्रह धरला, तर तो जादा करंट ओढणारच. कालावधी वाढवून पाहावा. मशीनमध्ये काही अडकले आहे काय, तेही पाहावे. मोटार रिवाइंडिंग करून आणली किंवा बदलली असेल, तर तिच्या नेमप्लेटवरील किलोवॅट, ॲम्पियर, व्होल्ट व आर.पी.एम. ड्राइव्हमध्ये बरोबर भरले आहेत काय, याची खात्री करावी. सुरू करताक्षणीच ट्रिप होत असेल, तर केबल किंवा वाइंडिंग शॉर्ट असण्याचा संशय घ्यावा.

दुसरा ‘ओव्हरलोड’. हा ओव्हरकरंटचा धाकटा भाऊ. तो लगेच येत नाही, मशीन काही मिनिटे चालल्यावर येतो. करंट मर्यादेपेक्षा थोडाच जास्त असतो, पण बराच वेळ टिकतो. याचे मूळ बहुधा विजेत नसून यंत्रात सापडते : कोरडे पडलेले बेअरिंग, अति ताणलेला पट्टा, वाकडा शाफ्ट, किंवा क्षमतेपेक्षा जास्त टाकलेला माल. टाँग टेस्टर लावून तिन्ही फेजचा करंट मोजावा आणि नेमप्लेटशी ताडून पाहावा.

तिसरा ‘ओव्हरव्होल्टेज’. हा पुष्कळांना कोड्यात टाकतो, कारण आपल्या भागात व्होल्टेज कमी असल्याचीच ओरड असते. बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना भरलेला ट्रक आठवा. चालकाने गती कमी करायचे ठरविले तरी मागचा भार गाडीला पुढे लोटतो. तसेच जड पंखा फिरत असताना ड्राइव्हने फ्रिक्वेन्सी झपाट्याने खाली आणली की पंखाच मोटारीला फिरवू लागतो. मोटार त्या वेळी जनरेटर बनते आणि वीज उलट ड्राइव्हमध्ये येते. डी.सी. बसचे व्होल्टेज चढते व ड्राइव्ह ट्रिप होतो. उपाय दोन : थांबण्याचा कालावधी वाढवावा, आणि लवकर थांबविणे आवश्यकच असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर बसवावा. ट्रकचा ब्रेक तापतो तसा हा रेझिस्टर तापतो आणि जादा ऊर्जा उष्णतेत खर्च करतो.

यासंबंधी आमच्या माहितीतील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. आपल्याच भागातील एका जिनिंगमध्ये पंख्याचा ड्राइव्ह रोज ट्रिप होई. बाहेरून आलेल्या कारागिराने पाहून नवा ड्राइव्ह घ्यावा लागेल असे सांगितले. हंगामाचे दिवस, बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, आणि माणसे हात बांधून बसलेली. तेथे आय.टी.आय. झालेला एक मुलगा होता. त्याने जुन्या नोंदी एकामागून एक उघडून पाहिल्या. प्रत्येक नोंद ओव्हरव्होल्टेजची आणि प्रत्येक नोंद मशीन थांबवितानाची. त्याने थांबण्याचा कालावधी ५ सेकंदांवरून ४० सेकंदांवर नेला. ट्रिप थांबला. खर्च शून्य. त्या मुलाजवळ काही विशेष साधन नव्हते, नोंद वाचण्याची सवय मात्र होती.

चौथा ‘अंडरव्होल्टेज’ आणि त्याच्याच जोडीचा ‘इनपुट फेज लॉस’. ४१५ व्होल्टची लाइन असेल तर डी.सी. बसवर सुमारे ५८५ व्होल्ट दिसावेत. ते फारच खाली गेले की ड्राइव्ह थांबतो. लाइनच्या शेवटी असलेले गाव, डी.पी.वर वाढलेला भार, शेजारी सरळ लाइनवर सुरू होणारी मोठी मोटार, ढिले झालेले टर्मिनल ही याची कारणे होत. डी.पी.वरील एक डी.ओ. गेला तर तीनपैकी दोनच फेज उरतात. भार हलका असेल तर मशीन तसेच चालत राहते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, पण आतील कपॅसिटरवर ताण पडून ते तापतात. म्हणून हा ट्रिप बंद करून ठेवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नये.

पाचवा ‘ओव्हरहीट’. आपल्याकडे हा विशेष महत्त्वाचा. पुष्कळ ड्राइव्ह ४० अंश तापमानापर्यंत पूर्ण क्षमतेने चालतील असे बनविलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरचेच तापमान त्यावर जाते. पत्र्याखालील बंद पॅनेलमध्ये काय होत असेल याची कल्पना करा. त्यात जिनिंगमधील रुईचे तंतू ड्राइव्हच्या पंख्यात व फिन्समध्ये गच्च बसतात. कपॅसिटरच्या बाबतीत असा ठोकताळा आहे की तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्मे होते. म्हणून दर आठवड्याला, वीज बंद करून, पॅनेलची जाळी झटकून साफ करावी. पॅनेलचे दार उघडे टाकून समोर टेबलफॅन लावणे हा उपाय नव्हे, त्याने धूळ आणखी आत जाते.

सहावा ‘अर्थ फॉल्ट’. हा पावसाळ्याचा पाहुणा. केबलला उंदराने कुरतडले, जोडात पाणी शिरले, मोटारीच्या टर्मिनल बॉक्समध्ये ओल आली की हा दिसतो. मेगरने इन्सुलेशन तपासावे, परंतु त्यापूर्वी मोटारीची केबल ड्राइव्हपासून पूर्णपणे सोडवावी. ड्राइव्ह जोडलेला असताना मेगर फिरविला तर चांगला ड्राइव्ह आपल्या हाताने जळतो.

दोष ड्राइव्हमध्ये की बाहेर, हे कळण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. वीज बंद करून, पुरेसे थांबून, मोटारीच्या तिन्ही तारा ड्राइव्हपासून सोडवाव्यात आणि ड्राइव्ह साध्या व्होल्ट-फ्रिक्वेन्सी पद्धतीवर रिकामा चालवावा. ‘आउटपुट फेज लॉस’ ही सूचना आली तर ती साहजिक आहे. पण ओव्हरकरंट किंवा अर्थ फॉल्ट तरीही येत असेल, तर दोष ड्राइव्हमध्ये आहे. येत नसेल, तर केबल, मोटार किंवा यंत्र तपासावे. नवा ड्राइव्ह मागविण्यापूर्वी एवढे करणे हे मालकाच्या पैशांशी इमान राखणे आहे.

‘पुरेसे थांबून’ असे आम्ही म्हटले, त्याकडे विद्यार्थ्यांनी कृपया विशेष लक्ष द्यावे. मेन स्विच बंद केला, पडदा विझला, म्हणजे ड्राइव्ह मेला असे समजू नका. कपॅसिटरमध्ये पाच-साडेपाचशे व्होल्ट काही मिनिटे जिवंत असतात आणि तेवढे माणसाचा प्राण घेण्यास पुरेसे आहेत. किती मिनिटे थांबावे हे ड्राइव्हच्या झाकणावर लिहिलेले असते, लहान ड्राइव्हलाही किमान पाच मिनिटे द्यावीत. त्यानंतरही मीटरने डी.सी. बसचे प्लस व मायनस टर्मिनल मोजून मगच हात घालावा. मालक घाई करील, सुपरवायझर ओरडेल. अशा वेळी “साहेब, पाच मिनिटे थांबा” असे ठामपणे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बंद पडलेले मशीन पुन्हा सुरू करता येते, घरचा कर्ता मुलगा परत आणता येत नाही.

आणखी दोन सूचना. लाइनची वीज चुकूनही ड्राइव्हच्या आउटपुटला, म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू या टर्मिनलना, जोडू नये. आणि जुन्या सवयीने मोटारीला लावलेला पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर ड्राइव्ह बसविताना काढून टाकावा, त्याने आय.जी.बी.टी. जळतात.

हे सर्व कारखान्यापुरतेच आहे असे शेतकरी बांधवांनी समजू नये. केंद्राची कुसुम योजना २०१९ साली आली आणि राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना २०२४ साली. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरावयाची असते. त्यातील ए.सी. पंपाचा जो कंट्रोलर शेतात खांबावर बसतो, तोही एक प्रकारचा ड्राइव्हच होय. सकाळी किंवा ढगाळ वेळी पॅनेलची वीज कमी, म्हणून तो फ्रिक्वेन्सी खाली आणतो आणि पाणी कमी येते. हा बिघाड नव्हे. विहिरीचे पाणी खाली गेले की मोटारीचा करंट उतरतो आणि कंट्रोलर ‘ड्राय रन’ दाखवून थांबतो. हाही बिघाड नव्हे, त्याने मोटार जळण्यापासून वाचविलेली असते. पॅनेलवर धूळ बसली असेल तर ती सकाळी लवकर पाण्याने धुवावी. मात्र कंट्रोलरचे सील तोडू नये. या योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आहे, तिचा लाभ रीतसर तक्रार नोंदवून घ्यावा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युतशक्तीविषयक धोरण समितीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न थेट देशातील दारिद्र्याशी जोडला. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण नाही, आणि उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. त्यांनी ज्या विजेचा विचार केला ती आज आपल्या गावात आली आहे. पण तारेतून वीज येणे वेगळे आणि ती वीज हाताळण्याचे ज्ञान आपल्या हातात येणे वेगळे. पॅनेलसमोर झाडू घेऊन उभा राहणारा आणि पॅनेल उघडून दोष सांगणारा, यांच्या मजुरीत आणि मानातही फरक पडतो.

म्हणून आमची विनंती अशी. इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा कोर्स करीत असाल तर ड्राइव्हचा भाग परीक्षेपुरता वाचू नका. माहितीपुस्तिका इंग्रजीत असते, पण तिच्यातील फॉल्टचा तक्ता आठ-दहा पानांचा असतो आणि त्यातील शब्द तेच ते असतात. शब्दकोश घेऊन बसलात तर महिनाभरात तो आपलासा होतो. खिशात एक वही ठेवा. तारीख, वेळ, फॉल्ट, त्या वेळची फ्रिक्वेन्सी, करंट, सापडलेले कारण आणि केलेला उपाय, एवढे सात रकाने आखा. वर्षभरात ती वही तुमचा खरा दाखला होईल. संस्थेनेही आपल्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी अशा पुस्तिकांसाठी एक कप्पा ठेवावा, असे आम्ही कार्यकारिणीला सुचवितो. एखादा जुना, बंद पडलेला ड्राइव्ह मिळविता आला तर मुलांना तो उघडून पाहता येईल.